काचेवरचं लाल सूत

वैशाखात सूत फार तुटतं. हवा कोरडी पडली की सुतातला ओलावा जातो, त्याला चोपडलेली खळ तडकते, आणि आडवा दोरा नेणारा धोटा दोनदा इकडून तिकडे गेला की दोरा तुटलाच म्हणून समजा. उमरेडच्या कोष्टीपुऱ्यात त्या दिवसांत मागाचा आवाज कमी आणि शिव्या जास्त ऐकू येतात. नत्थूजी मागावर बसण्याआधी, पाय सोडून माग चालवायच्या खड्ड्यात पाणी शिंपायचा, दारावर ओलं पोतं टांगायचा. तरी दुपार चढली की सूत त्याचं ऐकत नसे.

दोरा तुटला की धोटा तोंडाशी न्यायचा. धोट्याच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतल्या कांडीवर गुंडाळलेला दोरा आतून भोकाशी धरायचा, बाहेरून ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. दोरा सुळकन जिभेवर येतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून नत्थूजी हेच करत आला होता. त्याचा बापही हेच करायचा. त्या साली, म्हणजे अठ्ठावनच्या उन्हाळ्यात, मागावर लाल लुगडं होतं आणि सुताचा रंग कच्चा होता. संध्याकाळी तो चूळ भरायचा तेव्हा पाणी गुलाबी पडायचं.

म्हणून पहिल्यांदा रक्त आलं तेव्हा त्याला तो रंगच वाटला.

मग जिभेला जागा सापडली. डाव्या गालाच्या आत, मागच्या दाढेजवळ, जाड्याभरड्या सुतासारखं खरखरीत काहीतरी. दुखत नव्हतं. तिखट लागलं की तेवढं चुणचुणायचं. त्यानं न्हाव्याच्या आरशात गाल ओढून पाहिलं. पांढरा चट्टा होता, त्यात बारीक लाल ठिपके. त्यानं आरसा परत दिला आणि घरी येऊन खड्ड्यात बसला, पण त्या दिवशी त्यानं पाय हलवले नाहीत.

डावाच गाल. त्याच्या बायकोचा, रुख्माबाईचाही, डावाच होता.

रुख्माबाईला जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं. ती होती तोवर खड्ड्याशेजारी तिचा सूत गुंडाळायचा रहाट असायचा. ती कांड्या भरायची, तो विणायचा. विणकराच्या बोटांना तंबाखू लागली तर सुतावर डाग पडतो, म्हणून तीच तंबाखू मळायची, अर्धी त्याच्या गालात घालायची आणि अर्धी आपल्या. त्याचा गाल तिच्या हाताजवळ यायचा तो डावा. तिला सवय तीच लागली, आपल्याही तोंडात ती डावीकडेच ठेवायची. ती गेल्यावर डबी त्याच्याकडे आली. तो अजून तंबाखू तिथंच ठेवायचा.

तिच्या गालात गाठ आली तेव्हा तो तिला नागपूरला घेऊन गेला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, तुकडा कापून पाहावा लागेल. ती बाकावर बसली होती. आतून एक नर्स तबक घेऊन गेली. तबकात चाकू होता. रुख्माबाई उठली, पदर सावरला आणि चालू लागली. तो मागून गेला. "लोखंड लागलं का थे जागं होते," एवढंच ती म्हणाली. कोष्टीपुऱ्यात सगळे तेच म्हणत. ते लोखंडाशिवायच जागं झालं. शेवटी तिचे जबडे मिटले. बोट जाईना, चमचा जाईना. बोलायचं असलं की ती रहाटाचा दांडा धरून थोडा फिरवायची. जाताना त्यानं तिच्या ओठांवर पाणी सोडलं. ते दातांवरून परत आलं आणि हनुवटीवरून ओघळलं. जागेश्वरनं, पोरानं, सोडलं. तेही ओघळलं. पाणी न घेता ती गेली.

तेव्हापासून नत्थूजी रोज सकाळी रहाटाजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा. संध्याकाळी पाणी कमी झालेलं असायचं.

"मांजर पिते," सून म्हणायची.

"मांजर असंन," तो म्हणायचा.

पण वैशाखातल्या दुपारी, माग थांबलेले असताना, गल्लीत कुत्रंही भुंकत नसताना, रहाट कुरकुरायचा. एकदाच. कुणी दांड्याला हात लावून काढून घ्यावा तसा. चट्टा दिसल्यापासून तो आवाज रोज यायला लागला. बोलावते, नत्थूजीच्या मनात यायचं. त्याला त्याची फार भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती जबड्याची. आपलंही तोंड असंच मिटेल आणि पाणी बाहेरून ओघळेल.

*

अनुसया ही जागेश्वरची बायको. सासऱ्यासमोर ती डोक्यावरून पदर पुढं ओढूनच यायची, त्याच्या तोंडाकडे कधी बघायची नाही. पण ताट तिच्यासमोरच परत यायचं. ठेचा तसाच. भाकरीचा पापुद्रा काढलेला, कडा टाकलेल्या. मग भाकर वरणात बुडवून ठेवलेली, लहान पोराला भरवतात तशी.

एका सकाळी ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "मामाजी, तोंडात काय झालं?"

"काई नाई. दाढ हाय."

"सासूबाईबी दाढच म्हणत होत्या."

नत्थूजीनं तोंड फिरवलं. जागेश्वर दारात कांड्या मोजत होता, तो थांबला. "बाबा, दाखवा."

"तुले काय दाखवू? तू का डॉक्टर हाय?"

"दाखवा म्हणतो ना."

त्यानं दाखवलं. जागेश्वरनं उजेडाकडे तोंड वळवून पाहिलं आणि हात मागं घेतला. "भगताकडे जाऊ," तो म्हणाला. "कुही-मांढळकडचा एक हाय. झाडपाल्यानं बसवते. कापाकापी नाई."

"भगतानंच बसवलं होतं सासूबाईचं," अनुसया म्हणाली. "बसलं का?"

"तू चूप बस वं."

"मी चूपच हाय. ताटं मले दिसतात, तुमाले दिसत नाईत."

शेजारची भागीरथा भिंतीवरून ऐकत होती. ती उगाच ऐकत नसे, ऐकलेलं परत द्यायची. "अनुसये, सासऱ्याच्या तोंडात डोकावून राहिली का वं बाई आता? पदर जरा मागंच घे मग, उजेड तरी पडंन."

अनुसयेनं पदर होता तसाच ठेवला. पण दुपारी ती जागेश्वरला म्हणाली की मी घेऊन जाते, तुमी मागावर बसा. लुगडं अडलं होतं, आणि जागेश्वरला दवाखान्याच्या वासानं मळमळायचं, आईच्या वेळेपासून.

नत्थूजी नाही म्हणाला असता. पण रहाट कुरकुरला, आणि त्याला वाटलं, तिनं बोलावलं तर तिच्याकडे जाऊच. पण आधी तोंड कसं मिटतं ते कुणी तरी सांगावं.

*

नागपूरच्या इतवारीला जाणारी छोटी गाडी पहाटेची होती. निघण्याआधी नत्थूजी मागाशी गेला. बाहेरगावी जाताना रिकामा धोटा मागावर ठेवू नये, घरात उपास येतो, असं त्याच्या घरात पाळत. त्यानं नवी कांडी घातली, ओठ लावून दोरा ओढला, धोटा ताण्याच्या उभ्या सुतावर ठेवला. तोंड पुसलं आणि निघाला.

इतवारीहून महाल भागातल्या गल्ल्या ओलांडत रिक्षा मोठ्या दवाखान्याशी आली. बाक तोच होता. निदान त्याला तोच वाटला. तो भिंतीकडच्या टोकाला बसला. शेजारची जागा मोकळी राहिली तेव्हा त्याच्याही ध्यानात आलं की आपण ती सोडून बसलोय.

मोठ्या डॉक्टरनं आधी पाहिलं. गाल ओढला, दाढेवर बोट फिरवलं. "दाढेचं टोक घासतंय. दाढ काढून टाका, चट्टा जाईल." आणि तो पुढच्याकडे वळला.

नत्थूजीला हलकं वाटलं. तो उठणार तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा तरुण डॉक्टर म्हणाला, "सर, मी यांचं खरवडून घेऊ का?"

"घ्या. पण फार वेळ घालवू नका."

तरुण डॉक्टरचं नाव मुकुंद. त्याच्या खोलीत काचेच्या बरण्या होत्या आणि बारीक गोष्टी मोठ्या दाखवणारी एक काळी दुर्बीण. त्यानं लाकडाची एक चपटी पट्टी घेतली. नत्थूजीनं आजूबाजूला पाहिलं. तबक नव्हतं.

"चाकू?"

"चाकू नाही. तुकडा काढायचा नाही. आतली कातडी रोज झडत असते, ती थोडी घ्यायची, काचेवर पसरायची आणि दुर्बिणीतून पाहायची. दुखणार नाही."

"झडते म्हणजे?"

"तुम्ही काय काम करता?"

"कोष्टी हाय. माग हाय."

"मग मागाखाली काय पडतं?"

"फुपाटा पडते. सुताची झड."

"तेच."

नत्थूजी विचार करत राहिला. खड्ड्यात पडलेली झड पाहून सूत कसं आहे ते त्याला कळायचं. "लांब झड पडली तर सूत बरं, भुकटी पडली तर आतून गेलेलं," तो म्हणाला. त्यानं तोंड उघडलं.

डॉक्टरनं पट्टीची कड चट्ट्यावरून जोर देऊन ओढली, खरकटं भांडं खरवडावं तशी. काचेवर फासली आणि काच लगेच एका बरणीत बुडवली. स्पिरिटचा वास आला. संपलं.

"येवढंच?"

"एवढंच. आठवड्यानं या."

बाहेर येऊन तो अनुसयेला म्हणाला, "यानं काय होते. माह्या बायकोले कापाले निघाले होते, मले काडीनं खाजवलं." आणि त्याला राग आला. कशाचा ते त्याला कळलं नाही. हीच पट्टी तेव्हा असती तर ती बाकावरून उठली नसती, हे त्याच्या ध्यानात यायला गाडीत बसावं लागलं.

*

आठवड्यानं दोघं परत गेली तेव्हा दवाखान्यातला शिपाई चंपतराव दारातच हसला. "या कोष्टीबुवा. डॉक्टर तुमची वाट पाहून राहिले. तोंडात लुगडं विणता का म्हणे तुमी?"

मुकुंद डॉक्टर हसत नव्हता. त्यानं नत्थूजीला दुर्बिणीशी बसवलं. "एक डोळा मिटा. काय दिसतं?"

आधी काहीच दिसेना, आपलीच पापणी दिसायची. मग एकदम एक जाड लाल दोर दिसला, वळ्या पडलेला, आणि त्याच्याभोवती ढगासारखं काहीतरी.

"सूत हाय."

"सूत आहे, खळ आहे, रंग आहे. तुमची कातडी त्याखाली कुठंतरी आहे. मला काहीच सांगता येत नाही. हे तोंडात जातं कसं?"

नत्थूजीला लाज वाटली, न्हाणीत कुणी डोकवावं तशी. त्यानं हात ओठांशी नेला, पण धोटा नव्हता. अनुसया पदराआडून म्हणाली, "धोट्याचा दोरा तोंडानं ओढतात ना डाक्टरसाहेब. सगळेच ओढतात."

"रोज?"

"सूत तुटंन तेवढ्या वेळा."

डॉक्टरनं काच दुर्बिणीखालून काढली. "मग आठवडाभर ओढू नका. रोज चूळ भरा. तंबाखू बंद. मग परत घेऊ."

"दाढेचं म्हणाले होते मोठे डॉक्टर," नत्थूजी म्हणाला.

"असेलही. दिसायला साधंच दिसतं. मलाही साधंच वाटतं. म्हणूनच डोळ्यावर विसंबायचं नाही."

मग त्यानं अनुसयेला बोलावलं. "बाई, तुम्ही इकडं या. चट्टा कसा आहे पाहून ठेवा. घरी वाढला, रंग बदलला, तर तुम्हाला कळलं पाहिजे."

ती जागची हलली नाही. नत्थूजीनं तोंड मिटलं. सुनेनं सासऱ्याचं उघडं तोंड पाहायचं, हे दोघांनाही जमेना. चंपतराव दारातून म्हणाला, "अवो, म्हातारं माणूस नि लेकरू सारखंच. पाहा."

नत्थूजीनं डोळे मिटून घेतले आणि तोंड उघडलं. अनुसयेनं पदर कानामागं सारला आणि वाकून पाहिलं. तिचा श्वास त्याच्या गालावर लागला. कितीतरी दिवसांत कुणी त्याच्या इतक्या जवळ आलं नव्हतं.

"पाहिलं," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

*

धोट्याशिवाय कोष्टी काय करणार. आणि तोंडाशिवाय धोटा कसा भरणार. पहिल्या दिवशी नत्थूजी दोरा बोटानं भोकात ढकलत बसला. ओला केला, पीळ दिला. दोरा आत वाकायचा, बाहेर यायचा नाही. नुसता घाम निथळला. शेवटी अनुसयेनं अंबाड्यातला आकडा काढला, दगडावर ठोकून त्याचं टोक वळवलं आणि त्यानं दोरा बाहेर ओढून दाखवला.

"हे म्हणजे लंगड्याले काठी," नत्थूजी म्हणाला.

"चालते तर खरं."

भागीरथा पाहून गेली. दुसऱ्या दिवशी गल्लीत बोभाटा झाला की नत्थूजीचे दात पडले, सून आकड्यानं माग चालवते. गल्लीतले कोष्टी येता-जाता दारात थांबून तोंडानं सुर्र असा आवाज काढायचे. तो मान खाली घालून विणायचा. सूत तुटायचं, हात धोट्यासह ओठांकडे जायचा, आणि अनुसया रहाटावरूनच म्हणायची, "मामाजी." हात खाली यायचा. तंबाखूची डबी त्यानं रहाटाच्या पाटावर ठेवून दिली. दिवसातून दोनदा तरी तो ती उघडून वास घ्यायचा.

दुपारी तो खड्ड्यातच भिंतीला टेकायचा. रहाट कुरकुरायचा. तांब्यातलं पाणी संध्याकाळी कमी व्हायचं. एकदा तो म्हणाला, "थांब ना वं." जवळ कुणी नव्हतं.

पुढच्या फेरीला निघताना धोटा अनुसयेनंच आकड्यानं भरून ठेवला.

*

दुसरी काच स्वच्छ निघाली, सूत नाही, रंग नाही. मुकुंद डॉक्टरनं निकाल दुसऱ्या दिवशीच सांगायचं ठरवलं म्हणून दोघांनी दवाखान्याच्या ओसरीत रात्र काढली. सकाळी त्यानं नत्थूजीला खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच नत्थूजीला कळलं.

"काही पेशी चांगल्या नाहीत," डॉक्टर म्हणाला. "झड भुकटीसारखी आहे, तुमच्या भाषेत. मोठ्या सरांनाही दाखवली. तेही दाढ काढा म्हणत नाहीत आता."

"म्हणजे तेच."

"बहुतेक तेच, पण अगदी सुरुवात आहे. नखाएवढं. तुम्ही दाढ काढून घरी बसला असता तर वर्षभरानं गाठ घेऊन आला असता. आता खात्रीसाठी तुकडा घ्यावा लागेल, आणि तेच निघालं तर सगळा चट्टा काढून टाकता येईल."

"तुकडा म्हणजे चाकू."

"हो."

"काडीनं होत नाई?"

"काडीनं कळतं. काढायला चाकूच लागतो."

नत्थूजी उठला. बाहेर येऊन बाकाच्या टोकाला बसला. अनुसया उभीच राहिली, कारण शेजारची जागा त्यानं हात ठेवून अडवली होती. एका बाईनं लेकराला घेऊन विचारलं, "इथं कोणी हाय का?"

"हाय," तो म्हणाला.

बाई पुढं गेली. आतून नर्स तबक घेऊन निघाली. तबकात चाकू होता, तसाच, किंवा सगळे चाकू तसेच असतात. शेजारी लुगडं सळसळल्यासारखं झालं. कुणी तरी उठलं. दाराकडे गेलं. नत्थूजीचे गुडघे आपोआप सरळ झाले, तेव्हाही झाले होते तसे. तो उभा राहिला. दारातून ऊन आत आलं होतं आणि ऊन सोडून तिथं काही नव्हतं.

"मामाजी," अनुसया म्हणाली. तिनं पदर पुढं ओढला नव्हता. "तुमी गेले तर मी तुमच्या मागं येईन, अडवणार नाई. पण मंग शेवटी पाणी मीच घालणार हावो, अन् थे तुमच्या तोंडात जाणार नाई. थे मले पाहायले लावू नका."

नत्थूजी दाराकडून वळला. मग त्यानं बाकावरच्या मोकळ्या जागेकडे हात केला.

"बस इथं," तो तिला म्हणाला. आणि तो आत गेला.

*

तुकड्यानं खात्री झाली. मग चट्टा काढला, दाढही गेली. त्या वेळी अनुसया घरी थांबली आणि जागेश्वर दवाखान्यात आला, वासानं दोनदा बाहेर गेला आणि दोनदा परत आला. मुकुंद डॉक्टरनं बजावून ठेवलं की बरं झालं म्हणून विसरायचं नाही, दर काही महिन्यांनी यायचं, आणि दर वेळी तो काडीनं खरवडून पाहणार. "धोटा मात्र तोंडाला लावायचा नाही. आता काच मला रंगीत नको."

नत्थूजी घरी आला तेव्हा आभाळ भरून येत होतं, हवेत ओल आली होती आणि गल्लीतले माग जोरात होते. त्याचा माग जागेश्वरनं चालू ठेवला होता. धोटा भरलेला होता. तो ओसरीवर न थांबता आत गेला. रहाटाजवळ तांब्या होता. काठोकाठ.

"तू भरत होती?"

"रोज," अनुसया चुलीपासून म्हणाली. "तुमी सांगितलं नव्हतं. मीच भरला."

"कमी होत होतं?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "नाई. तुमी गेले त्या दिवसापासून जसाच्या तसा. मांजर तर घरातच होतं."

नत्थूजी रहाटाशी बसला. दांड्यावर धूळ नव्हती, अनुसया त्यावर कांड्या भरत होती. त्यानं दांड्याला हात लावला नाही. माग थांबले, दुपार झाली, गल्ली गप्प पडली. तो ऐकत राहिला. काही वाजलं नाही.

मग त्यानं तांब्या उचलला. गालातले टाके अजून ओढत होते, तोंड पुरतं उघडत नव्हतं, पण उघडत होतं. त्यानं तांब्या ओठांना लावून घोट घेतला. थोडं पाणी डाव्या बाजूनं हनुवटीवरून ओघळलं, तिचं ओघळलं होतं तसंच.

बाकीचं आत गेलं.